कोंबड्यांची गाडी

लापुआ, १२ मे

चि. हिल्कास,
अ. आ.

तू जोक्किसच्या, म्हणजे आमच्या जुन्या मोटारींच्या मातीतल्या शर्यतीत उतरणार, असं तुझ्या आईने सांगितलं आणि माझी कॉफी सांडली. अगं, कोठारात कोंबड्या जिच्यात अंडी घालतात, ती गाडी घेऊन तू माझ्याशी टक्कर घेणार? नवख्यांना ‘या, या’ म्हणणारं ते मंडळच वेडं आहे. वाळूच्या खाणीतल्या वळणावर आम्ही जन्म घासलाय. तू लोकांचे केस कापतेस, तेच नीट काप. ‘शिकवा’ म्हणतेस, तर नवख्यांसाठी मला वेळ नाही.

लोभ आहे, पण ट्रॅकवर तो शोधू नकोस.

तुझा मामा,
आर्मास

कौहावा, २ जून

ती. आर्मासमामांस,
शि. सा. न. वि. वि.

शेवटची आले. तुम्ही पहिले आलात आणि मला मागे टाकताना हातही हलवलात. शिकवायला वेळ नाही, हात हलवायला बरा आहे!

तुमचं सगळं कसब तुमच्या गाडीत आहे, असं माझं मत. म्हणून तिच्यासाठी चिठ्ठी टाकली. शर्यत संपली की कुणाचीही गाडी कुणीही ठरलेल्या एकाच किमतीला मागावी, ‘नाही’ म्हणेल त्याचा परवाना जावा, हा नियम आम्हा नवख्यांसाठीच तर आहे. सोडतीत माझं नाव निघालं, तेव्हा तुमच्या हातातलं सॉसेज मोहरीसकट खाली पडलं म्हणे. रागाच्या भरात तुम्ही माझी गाडी मागितलीत. दुसऱ्या कुणी मागितलीच नव्हती. आता पिसं वेचा!

लोभ राहू द्यावा, गाडी परत मागू नये.

आपली,
हिल्का

कौहावा, ३० जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गाडीत बसून मी पुन्हा शेवटची आले. तुम्ही माझ्या खटाऱ्यात जिंकलात. निकाल लागल्यावर हेल्मेटच्या आत रडले आणि तशीच घरी आले. तुमच्या गाडीत काहीच नव्हतं, मामा. आई म्हणते, पुरे झालं. मलाही तसंच वाटतंय, पुढच्या आठवड्यात विकून टाकते. जाता जाता एकच विचारते, त्या वळणावर तुम्ही नेमकं करता काय?

हसलात तरी लोभ असू द्यावा.

हिल्का

लापुआ, ३ जुलै

चि. हिल्कास,
अ. आ.

तू गेलीस आणि इथे गाढवांचा बाजार भरला. महिन्यापूर्वी तुझ्या खटाऱ्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं, त्याच्यासाठी चिठ्ठ्यांचा ढीग! मुरलेले गडीसुद्धा रांगेत. ज्याला तो मिळाला तो कानात विचारतो, आत काय बसवलंयस? म्हटलं, अंडी.

सगळ्यांना गाडी हवी. वळण कुणी विचारलं नाही. तू विचारलंस.

ते पत्रात लिहून कळायचं नाही. शनिवारी खाणीवर ये. वेलदोड्याचे बन आण. माझ्याकडे आता गाडी उरलेली नाही, तेव्हा तुझी आण. हो, तुझीच म्हटलं. चालवायची तू, मी कडेला उभा राहून शिव्या देईन.

लोभ होता तेवढाच आहे, वेळ मात्र सापडला.

तुझा मामा,
आर्मास