बगळ्यामागचं अस्तर

रेडशॉ,
सोमवार, १८ जून १९८४

प्रिय मोनिका,

परवा शनिवारी, सोळा तारखेला, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, भरल्या सभागृहात तू माझा बगळा चोरलास.

मी बरी आहे. तुझा गुडघाही बरा दिसतो. मंचावर टुणटुण चढलीस.

क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवायचं सिरिलचं शर्यतीचं जाकीट नॉर्मननं उंच धरून, छातीवरच्या भरतकामाकडे बोट दाखवत विचारलं, "काय गं मोनिका, हा बगळा कुणाच्या हातचा?"

"माझ्याच की! नवऱ्याच्या छातीवर दुसरीला टाके घालू देईन होय?"

सगळे हसले. मीही टाळ्या वाजवल्या. हातमोजे होते, आवाज झाला नाही.

अगं, तुला धड बटण लावता येत नाही! कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅलॉयशियस तुझ्या रुमालाला मासे धरायचं जाळं म्हणायच्या. एकोणपन्नास साली सिरिल ते जाकीट घेऊन आपल्या दारात आला, तो माझ्याकडे. "विने, असा बगळा भर, की फोटोत माझ्या मोडक्या नाकाआधी तो दिसला पाहिजे." जाकीट माझ्या मांडीवर राहिलं आणि तो तुला नाचायला घेऊन गेला.

पुढे तो मोटरसायकल-शर्यतीच्या संघाचा कप्तान झाला. ब्रेक नसलेली ती मोटरसायकल, पोलादी तळाचा डावा बूट धावपट्टीवरच्या कोळशाच्या राखेत घासत वळणावर आडवी घालायचा. तू पुढच्या रांगेत किंचाळायचीस. मी मागे बसून त्या धुरळ्यात माझा पक्षी शोधायची.

बावन्न साली दुसऱ्या वळणावर पडला, तेव्हा जखम पाहायला डॉक्टरांनी कात्री काढली, तर ओरडला, "जाकीट कापू नका!" तू रडलीस, की ह्याला माझ्यापेक्षा जाकीट प्यारं.

आता ऐक. बगळ्यामागच्या अस्तरात मी माझं मेरीमातेचं पदक शिवलं होतं, लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या विधीला मिळालेलं. कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. त्याला इजा होऊ नये, एवढ्यासाठीच. दुसरं काही नाही.

शनिवारी तू फोटो काढून घेत होतीस, तेव्हा मी जाकीट उलटून अस्तर चाचपलं. पदक आहे. पण टाके माझे नाहीत. जाड, मेणाचा काळा दोरा, बुटाच्या पट्टीला तो वापरायचा तोच. त्यानं उसवलं, पाहिलं आणि स्वतःच्या हातानं परत आत शिवलं.

बगळा ठेव तुला. कपाटाच्या पाटीवर तुझंच नाव लागू दे. नवराही तुझाच होता. मला एवढंच कळव: हे त्यानं तुला सांगितलं होतं का? दोघं मिळून हसला होतात का मला?

हो किंवा नाही. लेखी. फोनवर तू गोड बोलतेस. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत उत्तर हवं. बाराला नॉर्मन काचेच्या कपाटाला कुलूप लावणार. 'हो' असेल, तर माझं पदक मी त्याआधी काढून नेईन.

'नाही' असेल, तर फक्त 'नाही' लिही. पुढे एक अक्षरही नको.

तुझी थोरली बहीण,
विनिफ्रेड

(विनी म्हणणारा एकच होता.)