कोपऱ्यातला थर

हसनाबाद,
१४ सप्टेंबर २०२४

ती. मीनाआक्कास रेणूचा सा. न. वि. वि.

फोन लावला की आत्याबाई कान देऊन बसतात, म्हणून पत्र. मला अंगावरून फार जायचं, तेव्हा फेब्रुवारीत जालन्याच्या डॉक्टरांनी पिशवीचा आतला थर जाळला. पाळी थांबली. दुखणं मात्र दर महिन्याला चार दिवस येतं, आता तर उभं राहवत नाही.

महालक्ष्म्यांच्या पुरणाला बसले होते. कळ आली, भिंतीला टेकले. आत्याबाईंनी पाहिलं आणि पातेलं ओढून घेतलं. घरची सून असून पाळी लपवून देवीच्या नैवेद्याला शिवलीस, म्हणाल्या. सगळा स्वयंपाक पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी दोरीवरची माझी कापडं उलटून बघत होत्या. यांनी ते पाहिलं आणि गोठ्याकडे वळले.

आक्का, रक्त नाही तर दुखतं काय?

तुझीच,
रेणू


मंठा,
१८ सप्टेंबर

चि. सौ. रेणूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना पोलिसात भरती करायला हवं होतं. पण माझा संशय वेगळाच. थर जाळतो म्हणून आत नेलं आणि पिशवीच काढली नाही ना? आमच्या शेजारच्या बेबीनंदाला दोन वर्षांनी कळलं. पोटावर टाका नाही म्हणू नकोस, खालूनही काढतात. दवाखान्याचे कागद तुझ्या नवऱ्यानं, कल्याणरावांनी, तुला वाचू दिले का?

दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी कर. सोबत कुणीही घे, पण जल्दी जा.

तुझ्यात जीव अडकलेली,
मीना


हसनाबाद,
२६ सप्टेंबर

ती. आक्कास सा. न.

सोबत आत्याबाईच आल्या. सुनेचं खोटं पकडायला निघाले, असं गाडीत शेजारच्या बाईला सांगत होत्या.

पिशवी जागेवर आहे. डॉक्टरबाईंनी दाखवलं. जाळल्यावर आत व्रण धरला, भिंती एकमेकींना चिकटल्या. एका कोपऱ्यात थोडा थर जिवंत राहिला. तो महिन्याला रक्त सोडतो. वाट बुजलेली, म्हणून ते आतच साठतं. आत्याबाई म्हणाल्या, "मंग? म्या म्हणलं न्हाई? पाळी हायेच." खुशीत होत्या. स्टँडवर मला भजी घेऊन दिली.

मंगळवारी वाट उघडून रक्त काढायचं आहे. पुन्हा बुजली तर पिशवी काढावी लागेल. आत्याबाई म्हणतात, दसऱ्याला घट उठेपर्यंत थांब, विटाळ नको. डॉक्टरबाई म्हणतात, थांबू नका. हे दोघींनाही हो म्हणाले.

मी मंगळवारी पहिल्या गाडीनं एकटी निघते. घरी सांगितलेलं नाही. कागदावर सहीला आपलं माणूस लागतं. तू थेट दवाखान्यात ये, पत्ता मागे लिहिलाय.

आजवर माया केलीस, एवढी अजून कर.

रेणू