मुठीचा डबा

प्रिय रेमी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझा आवाज इतका शांत कसा?" आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "गोळ्याबिळ्या घेतेस का?" नर्स झाल्यापासून तुला सगळ्याचं उत्तर गोळीत दिसतं. मी हसले, तेवढ्यात रेंज गेली आणि सांगायचं राहिलं. बरंच झालं. फोनवर तू मधेच तोडलं असतंस. पत्र फार तर फाडशील, पण आधी वाचशील.

इकडे सगळं ठीक आहे असं म्हणवत नाही. नदीपलीकडच्या देशात अजून गोळीबार चालतो. वारा तिकडून आला की ऐकू येतो. शाळेत तिकडून आलेली माणसं राहतात, वर्ग चर्चच्या मागच्या अंगणात भरतात. नव्याने आलेल्यांत एक म्हातारी आहे. तिने घरातून फक्त कोंबडी उचलून आणली. कोंबडी शाळेच्या घंटेखाली अंडं घालते आणि म्हातारी ते समोर दिसेल त्याला देऊन टाकते. यंदा संत्री गोड आहेत. डुकरिणीला पिल्लं झाली. एक नाताळच्या पंगतीला कबूल केलंय.

शाळेतली ही सगळी माणसं घरोघर चर्चसाठी काढलेल्या मुठीच्या तांदळावर जेवतात. लहानपणी तू चुलीपाशी रडायचीस, की आई आपल्या तांदळातून आधी देवाची मूठ का काढते, आपल्याला कमी पडेल. रोथुआमा मोठ्या भावाच्या तोऱ्यात म्हणायचा, "अगं वेडे, देवाची मूठ आईच्या मुठीएवढीच आहे, घाबरू नकोस." तेव्हापासून तू माझी मूठ मोजूनमापून बघायचीस. डबा अजून तोच आहे, झाकण पिचकलेला.

रोथुआमा गेल्यावर मी देवाशी बोलत नव्हते. तुला हे कळू दिलं नाही. उपासनेला जायचे, जागेवर बसायचे. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की ओठ मिटायचे आणि पुढच्या ओळीला उघडायचे. शेजारी तुझी आत्या बसते, तिला समजलं असणार. तेवढी एक ओळ ती मोठ्याने म्हणायची, माझ्या वाटची पण म्हटल्यासारखी. पण हात मात्र प्रत्येक स्वयंपाकाला मूठ काढून डब्यात टाकत राहिला. मी रुसले आहे, हे हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर तांदूळ गोळा करायची पाळी सियामाच्या आईवर आली. दर शनिवारी ती टोपली घेऊन घरोघर जायची. आपल्या पायऱ्यांखाली आली की थांबायची, वर बघायची आणि पुढे जायची. डबा भरला, मी दुसरा काढला. आत्या म्हणाली, "काय वहिनी, देवाला तुमच्याकडचा तांदूळ पचत नाही वाटतं!" तिने थट्टा केली. माझ्या अंगाचा मात्र भडका उडाला. हिच्या मुलाने माझा मुलगा नेला, आणि आता ही माझी मूठही नाकारते.

झालं ते तुला पुन्हा सांगायला नको. संध्याकाळची वेळ, मक्याचं शेत, हललेली धाटं. सियामाला वाटलं रानडुक्कर, त्याने गोळी झाडली. रोथुआमा ठरलेल्या जागेवरून का उठला, ते आता कुणालाच कळायचं नाही. सियामाने त्याला पाठीवर घालून गावापर्यंत आणलं. मग चर्चच्या मंडळीतले वडीलधारे हुआलियाना सियामाच्या आईला घेऊन आले आणि तिने रीतीप्रमाणे शाल आणली. ती रोथुआमाच्या अंगावर पडली असती, तर दोन्ही घरांत वैर उरलं नसतं. तू ती ओढून घेतलीस आणि ओसरीवरून खाली चिखलात फेकलीस. मी तुला अडवलं नाही. माझे हातही तेच करणार होते. तुझे तरुण, ते आधी पोचले.

तर एका शनिवारी मी दोन्ही डबे उचलले आणि उतारावरच्या तिच्या घरी गेले. क्षमा करायला नव्हे, भांडायला. दारातूनच म्हटलं, "तुझ्या टोपलीत जागा नव्हती का?" ती उठून उभी राहिली. म्हणाली, "टोपलीत जागा होती, रोथुआमाच्या आई. तुमच्या पायरीवर पाय ठेवायला मला जागा नव्हती."

गावात आताशा मला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. वाईट वाटेल म्हणून सगळे नुसतंच "अहो" म्हणतात. तिच्या तोंडून ते नाव आलं आणि मी डबे खाली ठेवले.

आत सियामा बांबू तासत बसला होता. कानांत कापूस. चर्चमधला ढोल घरापर्यंत ऐकू येतो, म्हणून. मोठा ढोल त्याचा, छोटा आपल्या रोथुआमाचा. लहानपणापासून दोघं एकाच वेळी टिपरू उचलायचे. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या खुंटीला शाल होती. मी बघतेय हे पाहून ती म्हणाली, "चिखल निघाला. पण घडी करून ठेवायची कुठे, ते समजेना. आमची ती आता नाही. तुमची झाली नाही."

मी बसले. चहा घेतला. गूळ फार घातला होता. डबे तिच्या टोपलीत रिकामे केले आणि घरी आले. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत ती ओळ आली आणि मी ती म्हटली. आत्या मधेच थांबून माझ्याकडे बघत राहिली, तिची पुढची ओळ चुकली.

तू विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. शांती मिळते म्हणजे दुःख कमी होतं, असं मला वाटायचं. कमी झालेलं नाही. रोज मक्याकडे बघवत नाही. नदीपलीकडचे आवाजही थांबलेले नाहीत, आणि सियामावरच्या खटल्याचं कोर्टातलं काम त्याच्या चालीने चाललंय. पण प्रार्थना आता मधे तुटत नाही. आरंभापासून आमेनपर्यंत एका दमात जाते. तिच्या शेवटी कुणीतरी ऐकत बसलेला आहे, हे मला पुन्हा कळतं. मग झोप लागते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नाताळला सियामा ढोल वाजवणार आहे. मीच सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, रेमी उठून गेली तर?" मी म्हटलं, "गेली तर गेली. तू थांबू नकोस." तुला उठून जायचं असेल तर जा. तुझ्या वतीने मी काही कबूल केलेलं नाही. तुझी ओळ तूच म्हणायची आहे, किंवा ओठ मिटून बसायचं आहे. शाल मात्र मी घेतली. रोथुआमाच्या अंगावर पडायची वेळ गेली, आणि त्याच्या मातीवर घातली तर कुजेल. म्हणून मी पांघरते. हे लिहिताना तीच अंगावर आहे. बसमधून उतरल्यावर कुणीतरी तुला सांगेल, त्याआधी माझ्याकडून कळावं. यंदा थंडी फार आहे आणि तुझी जुनी रजई उंदरांनी कुरतडली. सियामाच्या आईने शाल चांगली मोठी विणली आहे. दोघींना पुरते.

तुझीच,
आई