आधी उजवा पाय

दि. ३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास विलंब झाला, कारण लिहिण्याजोगे काही घडतच नव्हते. ग्रंथालयातील काम मला मनापासून आवडते. पुस्तकांना क्रमांक देणे, फाटलेली पाने चिकटवणे आणि दिवसभर कुणाशीही न बोलणे, या तिन्हींत मी आता निष्णात झाले आहे. संध्याकाळी खोलीवर आले की भिंतीवरची पाल तेवढी ओळखीची वाटते, आणि तीही हल्ली मला पाहून कपाटामागे जाते.

आईने कळवले की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू खुर्चीतून उठतच नाहीस. व्यायामाच्या बाईंनी म्हणे बजावले आहे की गुडघा लवकर वाकता केला नाही तर तो कायमचा आखडेल, आणि मग पायाने चालवायचे तुझे शिलाई मशीन कायमचे बंद. तेव्हा नोकरी सोडून तुझ्या सेवेस यावे असे मी ठरवले आहे. राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. त्यातील भाषा तुला आवडेल.

तुझ्या खुर्चीस नमस्कार, आणि तुला त्याहून मोठा.
तुझी,
बोरू

दि. ८ जून

चि. बोरू हिस अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा बदललाय, डोकं नाही. माझ्या सेवेचं नाव पुढे करून पळ काढतेस ते मला कळतं. लहानपणी पाहुणे आले की तू पलंगाखाली जायचीस आणि मांजर शोधतेय म्हणून सांगायचीस. आपल्याकडे मांजर नव्हतं.

आता माझं ऐक. मी उठत नाही, कारण मला भीती वाटते. वॉकर धरून उभी राहिले की उजवा पाय माझा वाटतच नाही. कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलंय असं वाटतं. बाई काहीबाही सांगतात, मी मान डोलावते आणि पुन्हा बसते. मशीनवर आच्छादन घातलंय. त्याच्याकडे बघवत नाही.

तर सौदा कर. तूच मागे लिहिलं होतंस की सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एक ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर दर शनिवारी मोठ्या माणसांना नाच शिकवतात, येईल त्याला येईल तसा. तिथे जा. तू नाचलीस तर मी उठेन. नाच मला लिहून पाठव, मी वॉकरसकट करीन. गेली नाहीस, तर माझं मशीन तुझ्यामुळे गंजलं असं गावभर सांगेन.

पाठ ताठ ठेव, जेवत जा.
मावशी

दि. १३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी अट वाचून मला दरदरून घाम फुटला. तयारी केल्याशिवाय वर्गात जाण्याची सवय मला नाही, हे तू जाणतेस. म्हणून ग्रंथालयातील नृत्यशिक्षणाचे एकमेव पुस्तक घरी आणले. मास्तरांच्या फलकावर ज्या नाचाचे नाव आहे, तोच त्यात निघाला. मजकूर थोडा, चित्रे भरपूर: एक मिशीवाले गृहस्थ आपल्याकडे तोंड करून, हसत हसत पावले टाकतात. दार लावून मी ते सर्व पाठ केले. आता झोपेतही चुकणार नाही.

तुझ्यासाठी उतरवून देते. आधी उजवा पाय पुढे, मग डावा त्याच्याशी जुळवावा. उजवीकडे सरकावे, उजवा गुडघा वाकवून उचलावा, टाळी, आणि पुन्हा पहिल्यापासून. टाळीसाठी वॉकर मात्र सोडू नये. टाळी जिभेने वाजवावी. ही सूचना पुस्तकात नाही, माझी आहे.

शनिवारी जाईन. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभी राहीन, म्हणजे कुणाला दिसणार नाही.

धास्तावलेली,
बोरू

दि. १८ जून

चि. बोरू हिस अनेक आशीर्वाद.

उठले गं. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत, काल जिन्यापर्यंत. जिभेची टाळी छान वाजते. गॅलरीतला कावळा उत्तर देतो. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त कंडक्टर तक्रार घेऊन आले, की दुपारभर काय ठोकताय. मी तुझा कागद पुढे केला. आता ते माझ्यापुढे उलटे चालत ‘पुढे सरका, पुढे सरका’ करतात, टाळ्याही त्यांच्याकडेच. इस्त्रीवाली कपडे द्यायला येते आणि गठ्ठा डोक्यावर ठेवूनच एक फेरी मारते. तिघांतल्या कुणालाही ताल नाही, त्यामुळे भांडण होत नाही.

गुडघा कुरकुरतो, पण वाकतोय. तुझं काय झालं ते लिही.

दमलेली पण उभी,
मावशी

दि. २२ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस, आणि फेऱ्या ताबडतोब थांबव. माझ्या हातून भयंकर चूक झाली आहे.

शनिवारी गेले. हॉलमध्ये दंतवैद्य होते, भाजीवाली होती, दोन जुने ट्रकचालक होते. मास्तर नाचही गाडीसारखाच शिकवतात. त्यांनी डावा इंडिकेटर द्यायला सांगितले. सगळा हॉल डावीकडे गेला आणि मी एकटी उजवीकडे. थेट दंतवैद्यांवर आदळले. मी मेल्याहून मेले. ते मात्र म्हणाले की आपल्याकडे आपण होऊन कुणी धावत येण्याची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात मास्तरांनी यू-टर्न सांगितला. सगळे गर्रकन वळले, आणि मावशी, शेवटची रांग पहिली झाली. सगळ्यांच्या पुढे मी. पाय माझे ऐकेनात, पाठ केलेलेच करू लागले, आणि सगळा हॉल माझ्यामागून उजवीकडे. मास्तर भिंतीशी एकटे डावीकडे निघालेले. ते थबकले, पाहत राहिले आणि ओरडले, “वाहतूक चालली तशी चालू द्या!” भाजीवाली हसता हसता खाली बसली, मग मीही. लोकांसमोर मी एवढ्या मोठ्याने कधी हसले नव्हते. आता दर शनिवारी एक ‘पुस्तकी फेरी’ व्हायची आहे, आणि तिच्या पुढे मी उभे राहायचे आहे.

हसतच खोलीवर आले, आणि मग ध्यानात आले. पुस्तकातले गृहस्थ आपल्याकडे तोंड करून आहेत; त्यांचा डावा पाय मी माझा उजवा धरला. सगळा नाच उलटा पाठ झाला, आणि उलटाच तुला पाठवला. तुझा तर उजवाच गुडघा! व्यायामाच्या बाईंना आजच विचार.

घाईत हाती आला तो कागद घेतला. मागे राजीनामा आहे. तिकडे पाहू नये.

अपराधी, पण फार आनंदात असलेली,
बोरू

दि. २७ जून

चि. बोरू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं आणि बसले नाही.

बाईंना विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. त्या पहिल्या दिवसापासून घसा फोडून हेच सांगत होत्या: वॉकरमागे आधी ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. मी भीतीने डावा पुढे टाकायचे आणि उजवा ओढायचे. तू नीट लिहून पाठवलं असतंस, तर मी त्याच खुर्चीत असते. कंडक्टरांना हे कळल्यापासून ते तुला हुशार म्हणत नाहीत, देवमाणूस म्हणतात.

काल मशीनवरचं आच्छादन काढलं. उजवा पाय ठेवला, दाबला, आणि चाक फिरलं. मी रडले, मग तेल घातलं, मग शिवायला बसले. सोबत घेरदार झगा पाठवतेय. एका बाजूची शिवण वाकडी आहे. तिथे मी टाळी वाजवत होते.

राजीनाम्याची भाषा खरंच सुरेख आहे. त्याच कागदावर झगा बेतला.

पुढच्या महिन्यात प्रवासाला परवानगी मिळाली आहे. शेवटच्या रांगेत, भिंतीजवळ, माझी आणि वॉकरची जागा धरून ठेव. मास्तरांनी यू-टर्न सांगितला की आपण दोघी सगळ्यांच्या पुढे.

लोभ आहेच, तो पाय दुखेपर्यंत वाढू दे.
मावशी