बसंतीबाई अजून तिकडेच

लीड्स, इंग्लंड
११ मे २०२५

ती. बापूंस,
राखीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आपली याडी सुखरूप पोचली आणि आठवड्याच्या आत तिनं माझा ओटा, माझं कपाट आणि माझी झोप, सगळं ताब्यात घेतलं. आई घरात असली की परदेशही तांड्यासारखाच वाटतो! लोहाऱ्याच्या कारखान्यातल्या खडखडाटानं तुमचे कान नेले, फोनवर माझा आवाज तुम्हाला कळत नाही. म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहून त्याचा फोटो सुनीलभियाच्या मोबाइलवर पाठवते आहे. तुम्हीही तसंच करा. भियाला मधे स्वतःचं काही घुसडू देऊ नका.

शेजारच्या खोलीत मेगन राहते. वेल्समधल्या मेंढरंवाल्या शेतकऱ्याची मुलगी, माझ्याच वर्गात आहे. इथल्या पहिल्या थंडीत मी तापानं पडले तेव्हा तिनंच माझं केलं. याडीला इंग्रजी येत नाही आणि तिला मराठी. तरी दोघी ओट्यापाशी तासन्‌तास काय बोलतात देव जाणे. याडी तिला ‘मंगन’ म्हणते. रविवारी तिघी समुद्रावर गेलो. याडीनं पाण्यात पाय घातला आणि अशी ओरडली की चार माणसं धावत आली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. मेगन हल्ली जेवत नाही, वर्गात येत नाही. गेल्या वर्षी याच महिन्यात तिचा धाकटा भाऊ ट्रॅक्टर उलटून गेला. मी विचारलं की हसून विषय बदलते.

औषध वेळेवर घ्या. उन्हात फिरू नका.
तुमच्या रागालोभाची हक्कदार,
राखी

पळसतांडा, ता. आर्णी
१४ मे २०२५

चि. राखीस बापूचे भरभरून आशीर्वाद.
तुह्या याडीचा समुद्रातला फोटो समद्या तांड्याले दाखवला. रूपसिंग नायक म्हने, बसंतीबाई आता कायची येते वापस! मी हासलो. पन आता जो भेटते तो तेच म्हनून राह्यला, म्हनून हासू येत नाही.

चार जूनले सुनीलची सगाई हाय, हे तिले रोज सांगत जाय. महागावच्या रामलालचा निरोप आला होता, पोराची आई असंन ना म्हनून. त्याच्या पोरीची आधीची सोयरीक अशीच तारखा पुढं ढकलू ढकलू मोडली. तवापासून तो मानूस लय हळवा झाला. पोरगी गुनाची हाय, आन् आपला सुनील तं तिच्या नावानं एकटाच हासत बसते. एक जूनचं विमान चुकलं नाही पाह्यजे.

त्या मेगनच्या मायबापाले कोनी सांगितलं का नाही? तू काहून नाही सांगत?

इथी कूलर गरम हवा फेकून राह्यला. मी केलेलं वरन कुत्रंबी खात नाही.
तुमची वाट पाहनारा,
बापू

लीड्स
२२ मे २०२५

ती. बापूंस सा. न. वि. वि.
तुमचा प्रश्न मला टोचला. मेगननं माझ्याकडून शपथ घेतली होती, म्हणून मी गप्प होते. भाऊ गेला तिथं आपणही जावं असं तिला वाटतं, हे तिनं मला सांगितलं होतं. मला वाटलं, मी सोबत आहे, सांभाळून घेईन.

सोमवारी याडीनं तिच्यापुढे ताट ठेवलं. तिनं सरकवलं. याडी चिडली, आपल्या गोरबोलीत तिला नाही नाही ते बोलली. मेगन उठून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडलं नाही. आधी हाका मारल्या, मग दार वाजवलं, मग आम्ही दोघी दारावर मुठी आपटत होतो. आतून आवाज नाही. इमारतीचा रखवालदार किल्ली आणायला गेला, ती वेळ मी कशी काढली ते लिहिता येत नाही. दार उघडलं तेव्हा ती पलंग आणि भिंतीच्या मधे जमिनीवर बसली होती. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हती.

दवाखान्यात नेलं. अंगाला इजा नव्हती, पण तिला एकटं सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं. मग मी शपथ मोडली, तिच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. मेगनला ते कळलं. मला म्हणाली की आजपासून तू माझी कोणी नाहीस.

आईवडील तिला गावी नेत आहेत. ती त्यांच्याशीही बोलत नाही. याडी जवळ बसली तरच दोन घास खाते. तिच्या आईनं विचारलं की थोडे दिवस याडी आमच्याकडे येईल का. माझं मराठीत सांगून व्हायच्या आत याडीनं मान हलवली होती. बापू, तिकीट चौदा जूनचं केलं आहे. सगाईला ती पोचणार नाही.

रागवायचं तर माझ्यावर रागवा.
राखी

पळसतांडा
२३ मे २०२५

चि. राखीस आशीर्वाद.
तिकीट बदलाच्या आधी मले विचारलं काहून नाही? मले ऐकू येत नाही, वाचता तं येते!

रामलालले सांगितलं, तं त्यानं कळवलं, पोराची आई नसंन तं सोयरीक मोडली समजा. सुनील घरी जेवत नाही. मोटरसायकल घेऊन जाते, दिवस बुडल्यावर येते. तांड्यात बाया काय बोलून राह्यल्या ते मले ऐकू येत नाही हे बरं हाय, पन तोंडं तं दिसते.

त्या पोरीचं वाईट वाटते. पन तिले मायबाप हायेत. परक्या पोरीसाठी पोटच्या पोराचं मोडाचं का? याडीले एक तारखेच्या विमानात बसव. हा माहा शेवटचा शब्द.
बापू

वेल्स
२६ मे २०२५

सुनीलच्या बापूले बसंतीचा रामराम.
चौथी शिकली तेवढ्यावर लिवून राह्यली, राखी संग आली, पन तिले कागदाले हात लावू दिला नाही. चुकलं तं समजून घ्या.

मी त्या मंगनवर ओरडली. मले वाटलं पोट्टी नखरे करून राह्यली. ते बंद दार माह्या डोयासमोरून जात नाही. पन मी त्यासाठी थांबली नाही. तिची माय मले रोज मेंढरं दाखवाले नेते आन् वाटंत माहा खांदा धरून चालते. पोरगा गेला तिचा, आता पोरगी हातातून जाऊन राह्यली. मी एकीची सोबत करून राह्यली का दोघीची, मलेच समजत नाही. काल पोट्टी माह्या मांडीवर डोकं ठिवून रडली. तिच्या मायनं राखीकडून सांगवलं, भाऊ गेल्यावर एकदाबी रडली नव्हती.

सुनील माहाच हाय. त्याच्यासाठी जीव तुटते. पन आज इतून निघली आन् मागं काई झालं तं मले त्याच्या लग्नाची हयद पाहवनार नाही. तुमी महागावले जा. जे हाय ते सांगा. बसंती बिमार हाय म्हनून खोटं सांगू नका. मोडलं तं मोडलं, सुनीलचे पाय मी धरीन.
तुमचीच,
बसंती

पळसतांडा
३० मे २०२५

सौ. बसंतीस,
तुहं पत्र दोन दिवस मी खिशात घेऊन फिरलो. मंग एकटाच एसटीनं महागावले गेलो. सुनीलले नेलं नाही, त्याच्या समोर अपमान नको म्हनून.

रामलालच्या ओसरीत पाच-सहा मानसं होती. मी उभ्यानंच सांगितलं. त्या मेगनचा भाऊ, ते दार, तुहं रागावनं, समदं. खोटं एक नाही. मंग ते बोलाले लागले. मले काय ऐकू येते? नुसती तोंडं हालत होती. रामलालनं हात झटकला. एक जन उठून बाहेर गेला. मी निघालो.

तवा रामलालची आई रुक्माबाई आतून आली. तिनं माहा हात धरून मले खाटेवर बसवलं. माह्या हातावर गुळाचा खडा ठेवला आन् मी खाल्ल्याबिगर हात सोडला नाही. आपल्यात गूळ खाल्ला म्हंजे सोयरीक पक्की, हे तुले मी काय सांगू. मंग रामलालनं कानाशी तोंड आनून ओरडून सांगितलं, सगाई वीस तारखेले, पोराच्या आईसमोर. रुक्माबाईचा एक पोरगाबी मेगनच्या भावावानी तरनाच गेलता म्हने, रामलालचा मोठा भाऊ. मले ठाऊक नव्हतं.

सुनीलनं काल माह्या हातचं वरन खाल्लं, दोनदा मागून. तू चौदा तारखेपावतो राह्य. त्या पोरीच्या मायले माहा रामराम सांग. पन येजो. तांड्याले नाही, मले तोंड दाखवाले येजो.
किसनसिंग

लीड्स
१५ जून २०२५

ती. बापूंस सा. न. वि. वि.
हे पोचेपर्यंत याडी तुमच्यासमोर बसलेली असेल, तेव्हा तिचं तीच सांगेल. माझं तेवढं लिहिते.

मेगन दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाते. बरी झाली असं कोणी म्हणत नाही. पण जेवते, मेंढरांकडे जाते, आईशी भांडते. याडीला विमानतळावर सोडायला तिनंच गाडी काढली. याडी आत गेली, दिसेनाशी झाली, आणि आम्ही दोघीच उरलो. इतक्या दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. काचेकडे बघतच म्हणाली की तिनं मला माफ केलेलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. मग विचारलं की मी रेल्वेनं जाणार की तिच्या गाडीतून. मी गाडी म्हटलं.

वाटेत तिनं गाडी थांबवली. पेट्रोल भरायला ती उतरली. परत आली तेव्हा तिच्या हातात चहाचे दोन पेले होते. एक तिनं माझ्याकडे धरला.

भियाला सांगा, सगाईचे सगळे फोटो हवेत. लोभ आहेच, तो दूरच्या लेकीवर जरा जास्त ठेवा.
राखी