कावळा शिवेना

शारजा, बुधवार, संध्याकाळ

सूनबाई उत्खननात काम करते. काल तिला एका पुरातन थडग्यात सांगाडा सापडला. हजारो वर्षांचा! त्याचं दिवसपाणी कोणी केलं असेल? आत्मा तिच्या मागोमाग घरी आला तर? रात्रभर डोळा लागला नाही.

आज बाल्कनीत भाताचा गोळा ठेवला. कावळा कठड्यावर बसला, पण शिवेना. हात जोडून म्हटलं, "आजोबा, सूनबाई तुम्हाला जपेल." तरी शिवेना. वर दही घातलं, पुन्हा आजोबांना विनवलं. छे!

तेवढ्यात ती साइटवरून आली. "बाबा, आजोबा कुठले? कंबरेचं हाड बघितलं आज, बाई आहे ती!"

मी कान धरले. "आजी, चुकलो."

कावळ्याने लगेच चोच मारली. हुश्श!

सूनबाई हसून म्हणाली, "बाबा, त्याच थडग्यात अजून पुष्कळ जण आहेत."

उद्या रोल्लाच्या बाजारातून तांदळाची गोणीच आणतो.