राजीच्या परीक्षेत आमी झील धरली

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर मनूचं डोकं (ठेवलंय असं समज, द्राक्षाच्या छाटनीपासनं कंबर वाकत न्हाई),

तुझा गुडघा कसा हाय? मागल्या खेपंला तू म्हनलीस तेलानं बरा झाला, दाजी म्हनले बरा झाला न्हाई, हिची कुरकुर तेवढी थांबली. खरं काय ते कळव. म्हैस गाभन हाय का, तेबी कळव. दाजींना नमस्कार सांग, पन हे पत्र त्यांच्या हातात देऊ नको. तू म्हनशील, मोबाईल असताना मनूला पत्राचं खूळ कुठनं आलं. आक्का, तू फोन उचलला की स्पीकरवर टाकतीस आनि तुझ्या घरातली सगळी कीर्तनाला बसल्यागत माझं बोलनं ऐकत बसत्यात. मागं मी तुझ्या सासूबद्दल जे बोलले त्याचं उत्तर मला सासूनंच दिलं. म्हनून चौथी शिकलेल्या हातानं लिहितीया. गावातला धनाजी घेवडा आनायला कोरेगावला टेम्पो घेऊन येतोय, त्याच्याबरोबर धाडते. अक्षराला हसायचं न्हाई.

इषय आपल्या राजेश्वरीचा. तू दिराच्या ओळखीनं तुमच्या कोरेगावातल्या जयराजचं स्थळ आनलंस. खताचं दुकान, घरचा ऊस, पोरगा तसा बरा (सारा येळ मान खाली घालून हुता, म्हनून बरा म्हनायचं, वर केली असती तर बघितलं असतं). त्याच्या आईनं चहा पिता पिता सांगितलं, पोरीनं गान्याचं शेवटचं वरीस पुरं करावं, पत्रिकेत नावापुढं बी. ए. बरं दिसतंय, पन लगीन झालं की गानं बंद, आमच्यात चालत न्हाई. मीबी म्हनलं, परीक्षा होऊ द्या, मग शब्द देते. राजी आत पोहे परतत हुती. तिच्या हातनं झारा आपटला, तो मला ऐकू आला न्हाई असं मी दाखवलं. तर आता परीक्षा झाली. कशी झाली ते तुला ठावं असावं, म्हंजे उद्या तिकडनं कुनी काय सांगितलं तर तोंडावर मारता येईल.

इद्यापीठातलं गानं म्हंजे काय असतंय ते सांगून तुला पटायचं न्हाई. एक ओळ. अर्धा तास. ओळ हिंदीत, आनि अर्थ एवढाच की नवरा अजून घरी आला न्हाई. मी राजीला म्हनलं, अगं फोन लाव की त्याला. तर मलाच म्हनती, आई, तुला विलंबित कळत न्हाई. कळत न्हाई व्हय! तिचा बाप पलटनीत हुता तवा मी वर्सानुवर्सं हेच केलं, मला कुनी मार्क दिलं न्हाईत. वर आनि लेखी पेपर. गान्याचा लेखी! पवायची परीक्षा कुनी कागदावर घेतंय का? पन ही बया द्राक्षाच्या मांडवाखाली बसून तोंडपाठ करायची, कुठला सूर चढा, कुठला उतरा, कुठला घ्यायचा न्हाई. शेजारच्या बांधावरचं भांडन असतं तर इतकं नेम लागलं नसतं.

आनि येळेचं तर इचारूच नको. सकाळी भांडी घासताना माझ्या तोंडात तिचीच ओळ आली की आतनं वरडायची, आई, हा रात्रीचा राग हाय, सकाळी गाऊ नको. बरं. माझ्या घरात भाकरी कवा खायची ह्याला येळ न्हाई, पन तोंड कवा उघडायचं ह्याला येळ. मग परीक्षेचं टाइमटेबल आलं. रात्रीचा राग, दुपारी दोन वाजता, सांगलीच्या उन्हात. म्हनलं, आता गं? म्हनती, त्याला इलाज न्हाई. म्हंजे आईला नेम आनि इद्यापीठाला सगळं माफ!

आता मेन गोष्ट. आप्पा बिरोबाच्या ओव्या म्हनायचे ते तू इसरली नसशील (कोरेगावला जाऊन तू लय काय काय इसरलीस, पन हे न्हाई). आप्पांनी ओळ टाकली की मागच्यांनी झील धरायची, म्हंजे ती ओळ उचलून पुन्हा म्हनायची. गानाऱ्याला एकटं सोडायचं न्हाई. एकट्याला गाऊ दिलं तर त्याचं नि बाकीच्यांचं वाकडं हाय असं अख्खं गाव समजायचं. माझ्या अंगात तेच मुरलंय. राजी घरात गायला बसली की तिची ओळ मी गोठ्यातनं उचलते. शेजारची जैनबभाभी शिवनकाम करती, दोघींच्या घरात भिंत एकच, ती मशीनीवरनं उचलती. राजी आधी चिडायची. मग चिडायची बंद झाली. मग तर ओळ टाकून जरा थांबायलाच लागली, आमचं हुईस्तवर. तीन वर्सं असं चाललंय.

परीक्षेत शेवटी स्टेजवर बसून गायचं असतंय आनि समोर ऐकायला मानसं लागत्यात, म्हनून आईबापाला बोलावत्यात. तिचा बाप म्हनला मला छाटनीची मानसं बघायची हायत (त्यांना गान्यापेक्षा मानसांवर वरडायला आवडतं). मग मी आनि जैनबभाभी गेलो. भाभीनं राजीचं पोलकं रात्री जागून शिवलं हुतं, ते स्टेजवर कसं दिसतंय हे तिला बघायचं हुतं. कॉलेजात पंखे वर, वारा कुठं कुनाला ठावं. परीक्षक बाहेरनं आलेले, अंगावर इस्त्रीचा झब्बा, तोंडावरबी इस्त्री. आनि तानपुरा मोबाईलवर! पल्याड मिरजंत मानसं आयुष्य घालवून तानपुरे करत्यात, आनि हितं मोबाईल टेकवून ठेवलेला. राजीच्या आधीच्या पोरीचं गानं रंगात आलं तवा त्यावर कुनाचा तरी फोन आला. तानपुरा गप. परीक्षक म्हनले, चालू द्या. काय चालू द्या? तळ्यातलं पानी काढून घ्यायचं आनि पवा म्हनायचं.

मग राजी बसली. काठाची साडी, केसात गजरा, तोंड पांढरंफटक. तबलेवाल्यानं ठोकलं, हिनं डोळं मिटलं आनि नवरा आला न्हाई ते सुरू केलं. मी काय लक्ष दिऊन ऐकत नव्हते. भाभीच्या पदराला शिवनाचा दोरा चिकटला हुता तो काढत हुते. राजीनं ओळ पुरी केली आनि घरच्यागत थांबली. बास. आक्का, खरं सांगते, मी ठरवून केलं न्हाई. ओळ पडली आनि मी उचलली. घरात जशी उचलते तशी, गोठ्यापासनं सोप्यापर्यंत जाईल अशी. माझ्या मागनं भाभीनं ओढली. भाभीचा आवाज माझ्यापेक्षा मोठा हाय.

तबला थांबला. परीक्षकांच्या हातातला पेन खाली पडला, तो कुनी उचलला न्हाई. ते म्हनले, परीक्षा नेमकी कुणाची आहे? म्हनलं, पोरीची. ते म्हनले, मग तुम्ही का गाताय? म्हनलं, तुमी कुनी गाईना म्हनून. एवढी मानसं बसलाय, एकानंबी पोरीची ओळ धरली न्हाई, ही काय रीत? ते म्हनले, बाई, हे शास्त्रीय संगीत आहे. म्हनलं, आसंल, पन मानसं तर साधीच हायत की. तवा त्यांच्या तोंडावरची इस्त्री मोडली. म्हनले, ही परीक्षा मी रद्द करू शकतो. तिच्या गान्याच्या मॅडमनी हात जोडले, आधी त्यांना, मग मला. तीन वर्सं पोरीनं घासली आनि आईनं एका ओळीत बुडवली, हे कपाळी लागलं असतं.

तर राजीच बोलली. एवढीशी बोलली, पन सगळ्यांना ऐकू गेलं. सर, मी पुन्हा पहिल्यापासून गाते. आईला बाहेर बसू द्या.

मला! पोटच्या आईला!

गेलो बाहेर. खिडकीखाली पायरी हुती, तिथं बसलो. भाभी म्हनली, गप बैठ मनू, एक लफ्जबी काढू नको. मी पदर तोंडात धरला. आत राजीनं पुन्हा धरलं. ओळ आली, पुरी झाली, आमची जागा आली. मी दात दाबून बसले. आनि आक्का, त्या जागंत पोरगी थांबली न्हाई. तिनं सोताच ती ओळ धरली, पन आपन धरतो तशी न्हाई, कुठनं तरी खालनं आनली, फिरवली, वर नेली आनि तबल्याच्या ठोक्यावर अल्लाद आनून ठेवली. जसं काय तिथं कवा कुनी नव्हतंच. भाभी माझ्याकडं बघून म्हनली, आता आपलं काय काम ऱ्हायलं न्हाई गं. मला असा राग आला! तीन वर्सं गोठ्यातनं वरडून माझा गळा बसला तो काय ह्याच्यासाठी? म्हनलं, ऊठ, चहा घेऊ. उठले मात्र न्हाई, गानं संपस्तवर.

नंतर मॅडम बाहेर आल्या. म्हनल्या, सर काय बोलले न्हाईत, पन राजेश्वरीनं आता एम. ए.ला कोल्हापूरला जायला पायजे. मी म्हनलं, तिला कोरेगावला जायचंय, खताच्या दुकानात. राजी चपला घालत हुती, खालीच बघत ऱ्हायली. घरी आली, साडी घडी केली, तेव्हापासनं तोंड उघडत न्हाई. भाकरी करती, म्हशीला पानी दावती, इचारलं तर व्हय-न्हाई करती. गळ्यातनं सूर म्हनून न्हाई. काल सकाळी मी मुद्दाम गोठ्यात तिची रात्रीची ओळ म्हनून बघितली, म्हनलं आता तरी वरडंल. वरडली न्हाई. भाभीनं मशीन थांबवून भिंतीवरनं इचारलं, पोरगी आजारी हाय का? म्हनलं, न्हाई, गान्याचं वरीस पुरं झालंय.

तर असं हाय ते. गानं म्हंजे निव्वळ रिकामपन, ती परीक्षा म्हंजे खुळ्यांची जत्रा, आनि परीक्षक तर आपल्या आप्पांच्या म्हागं घोंगडं धरायच्या लायकीचा न्हाई. सुटलो एकदाचं. येत्या रविवारी पाव्हन्यांना घेऊन ये, शब्द दिऊन टाकते.

तुझी धाकटी,
मनुबाई

ता. क. धनाजीकडं बेदाने दिल्यात. मूठभर सासूपुढं ठेव, बाकीचं लपीव.

ता. क. आनखी एक. रविवारी पाव्हन्यांना आनू नको. वर लिहिलंय ते खोडत न्हाई, कागद खराब दिसतो. तूच जाऊन त्यांना न्हाई म्हनून सांग. स्थळ तू आनलंस, सांगनंबी तुझ्याकडंच येतंय. तुझा दीर फुगंल, फुगू दे.

ता. क. तुझी संयोगिता कोल्हापुरात ऱ्हाती, तिची माडीवरची खोली रिकामी हाय असं तूच मागं म्हनली हुतीस. राजीला दोन वर्सं ठेवून घ्यायला सांग. पोरगी पहाटं उठून आ आ करंल. वीरधवल जावईबापूंना सकाळची झोप लय प्यारी हाय, त्यांना म्हनावं कानात कापूस घाला, पन जिन्यात उभं ऱ्हाऊन वरडू नका. एवढं जमवच. तू मोठी, तुझ्याशिवाय मी कुनाला सांगू? राजीला अजून काय बोलले न्हाई. तुझं उत्तर आलं की मगच बोलते, न्हाईतर पुन्हा तोंडघशी पडायची ती.

ता. क. जयराजच्या आईपुढं खोटं बोलायचं न्हाई. नापास झाली म्हनू नको, आजारी हाय म्हनू नको. पोरगी काय करती असं इचारलं तर सांग, गाती. आनि आई काय करती असं इचारलं तर सांग, भांडती.